अंघोळीनंतर लावायचं मलम

हे मी चिडून लिहितोय, ते आधीच सांगून टाकतो. आजारातून उठलेली माणसं शांत होतात, देवाचे आभार मानतात असं म्हणतात. माझं काही तसं झालेलं नाही. साध्या खाजेपायी माझं दीड वर्ष गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्याच करणीनं गेलं. आणि खाजेला कुणी मान देत नाही हो! हृदयाचं दुखणं म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. खाज म्हटलं की आपलीच खुर्ची मागं सरकवतात.

मी वासुदेव, वय चोपन्न. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गलीत आमचं घर आहे आणि चार पिढ्यांचा व्यवसाय पौरोहित्याचा. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची गंगापूजनं, श्राद्धं मी करवतो. म्हणजे पहाटेपासून हात पाण्यात, ओल्या दर्भात आणि झेंडूच्या फुलांत. घरी आलं की पूजेची तांब्याची भांडी चिंच लावून घासायची, तीही मीच, कारण सोवळ्यातल्या भांड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नसे. ‘नसे’ म्हणतोय ते लक्षात ठेवा.

दो दिन में साफ

सुरुवात मार्गशीर्षातल्या थंडीत झाली. बोटांच्या बेचक्यांत खाज, मग तळव्यांना भेगा, मग कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लाल चट्टे. कुमुदनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, खोबरेल तेलात कापूर घालून दिला. त्यानं भेगांची अशी आग झाली की मी घरभर नाचलो. मग कुणी कडुलिंबाचा पाला सांगितला, कुणी हळद, कुणी गोमूत्र. खाजेवरचा इलाज माहीत नाही असा एक माणूस आमच्या गलीत मला भेटला नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझा हात धड बघितलाही नाही. मागं वळून फळीवरची एक ट्यूब काढली आणि समोर ठेवली.

"गुरुजी, ये लगाइए. दो दिन में साफ."

आणि खरंच हो, दोन दिवसांत साफ! लाली गेली, खाज गेली, तिसऱ्या दिवशी मी लहान मुलासारखा हात उलटसुलट करून सगळ्यांना दाखवत होतो. त्या दुकानदाराला मी आशीर्वाद दिला. चार दिवसांनी मलम बंद केलं, तर आठवड्यात खाज परत, आणि पहिल्यापेक्षा जोरात. पुन्हा दुकान, दर वेळी निराळ्या नावाची ट्यूब, पुन्हा दोन दिवसांत साफ. असं करत करत माघ गेला, होळी गेली, अख्खा उन्हाळा गेला. मध्येच कपाळाला अष्टगंध लावतो तिथं खाजायला लागलं म्हणून तीच ट्यूब कपाळाला लावली. मग गालांना. दाढी केल्यावर चेहरा चुरचुरतो म्हणून रोज लावायला लागलो. चेहरा कसा गुळगुळीत दिसायचा!

माझी मुलगी मुक्ता इथंच बँकेत नोकरी करते आणि वैतागली की हिंदीत शिरते. ती एकदा म्हणाली, "बाबा, प्लीज, ये क्या लगाते रहते हो? डॉक्टरको दिखाओ ना."

"अगं, खाजेसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?" मी म्हणालो.

एकदा खिडकीत ठेवलेली ट्यूब माकडानं पळवली. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसून त्यानं ती चावली, तोंड वाकडं केलं आणि गलीत फेकून दिली. मी खाली जाऊन ती उचलून आणली, पुसली आणि वापरली. आता बोला, आमच्या दोघांत शहाणा कोण?

मागे घेतलेला हात

भाद्रपदापर्यंत माझा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा लाल झाला होता. ट्यूब लावली तर तेवढ्यापुरतं बरं, नाही लावली तर ठणका. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या. हातांची कातडी इतकी पातळ झाली होती की दर्भाचं पातं घासलं तरी रक्त यायचं. आणि पितृपक्ष तोंडावर आलेला. पौरोहित्य करणाऱ्या माणसाला पितृपक्षात आजारी पडायची सवड नसते.

पंचगंगा घाटावर साताऱ्याकडच्या एका कुटुंबाचं श्राद्ध होतं. सगळं यथासांग झालं आणि मी तीर्थ द्यायला लागलो. त्या घरातल्या एका बाईंनी ओंजळ पुढं केली, माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं आणि ओंजळ मागं घेतली.

"मी मागाहून घेते, गुरुजी," त्या म्हणाल्या. अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, त्यामुळं तर जास्तच लागलं.

जेवणाची पानं मांडायच्या आधी अण्णांनी मला बाजूला घेतलं. अण्णा आमच्या सगळ्या पुरोहितांत वडीलधारे, कुणी कुठं बसायचं ते तेच ठरवतात. श्राद्धात ब्राह्मण पानावर बसतो तो पितरांच्या जागी. यजमान त्याचे पाय धुतो, त्याला आपला बाप समजून जेवू घालतो. त्या पानावर बसायला अंग निर्दोष लागतं असं आम्ही मानतो.

"वासू, तू यंदा मंत्र म्हण. पानावर नको बसूस. लोक बघतात रे."

  ती वाक्यं माझ्या ओळखीची होती. बारा वर्षांपूर्वी हीच वाक्यं, जवळजवळ याच शब्दांत, मी नारायणकाकांना ऐकवली होती. नारायणकाका राजा घाटाजवळ राहतात. माझ्या वडिलांचे स्नेही, आणि शास्त्रात आम्हा सगळ्यांचे बाप. त्यांच्या हातांवर आणि पावलांवर कोड आलं. मी त्या वर्षी अण्णांच्या हाताखाली नवाच पुढारी झालो होतो, तेव्हा ते सांगायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते मोठ्या ऐटीत केलं. "काका, तुम्ही यंदा मंत्र म्हणा. पानावर नको. लोक बघतात." ‘यंदा’ म्हणालो होतो. त्यानंतर ते कधीच पानावर बसले नाहीत. मंत्र म्हणायलाही आले नाहीत.

घरी आल्यावर कुमुदनं विचारलं, "जेवून आलात ना?"

"नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता ताट वाढलं. मला घास जाईना. मला भीती वाटत होती, खरी भीती. हा हात असाच राहिला तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. मुक्तानं दुसऱ्या दिवशी बँकेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

सात ट्यूबा

दवाखान्यातल्या रांगेचं वर्णन करत नाही. ज्यानं ती बघितली आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्यानं नाही बघितली त्याला देव तसाच लांब ठेवो. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरबाई तरुण होत्या, मुक्तापेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठ्या. माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. हातमोजा न घालता. पितृपक्ष सुरू झाल्यापासून घराबाहेरच्या कुणी माझा हात धरल्याची ती पहिलीच वेळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाचच पंख्याकडं बघायला लागलो.

"अब तक क्या लगाया?"

मुक्तानं पिशवी उलटी केली. पिळून पिळून सपाट केलेल्या सात ट्यूबा टेबलावर पडल्या. मला वाटत होतं, मी सात निरनिराळे इलाज केले. बाईंनी एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि ओळीनं मांडून ठेवल्या.

"नाम अलग-अलग हैं, पंडितजी. सबमें वही तेज़ स्टेरॉइड है. और आपने ये चेहरे पर लगाया? कितने महीने?"

मी महिने सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. हाताला झाला होता तो एक्झिमा. पाणी, चिंच, झेंडू, थंडी या सगळ्यांनी मिळून कातडी उखडली होती. त्याला स्टेरॉइडचं मलम हेच योग्य औषध आहे, पण किती तेज, कुठं, किती आणि किती दिवस, हे बघणाऱ्यानं बघून ठरवायचं असतं. तळहाताची कातडी जाड, तिथं तेज मलम चालतं. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथं तेच मलम महिनोन् महिने लावलं की कातडी त्याच्यावाचून राहीनाशी होते. माझ्या चेहऱ्याला व्यसन लागलं होतं! आयुष्यात कधी पानाला चुना जास्त लावला नाही मी, आणि चेहऱ्याला व्यसन!

चेहऱ्यावरचं स्टेरॉइड त्यांनी त्याच दिवशी बंद केलं आणि दुसरं, स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं. "पहले और बिगड़ेगा," त्यांनी बजावलं. "हफ़्तों जलेगा. तब दुकान पर मत जाइएगा, यहाँ आइएगा." हातांसाठी एक मलम चार आठवड्यांपुरतं दिलं. किती घ्यायचं तेही दाखवलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक रेघ काढायची, तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मी तोपर्यंत श्रीखंड चाटवावं तसं थापत होतो.

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘नहाने के बाद, पतली परत.’ म्हणजे अंघोळीनंतर, पातळ थर. खाली भेटीची तारीख. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढचं रामायण तिच्यातूनच झालं.

पुण्याहून फोन

पण त्याच्याही आधी माझी पुण्याची बहीण मध्ये आली. मुक्तानं भाबडेपणानं घरच्या ग्रुपवर लिहिलं की बाबांना स्टेरॉइडचं मलम दिलंय. दहा मिनिटांत फोन.

"दादा, स्टेरॉइड? वेड लागलंय का तुला? हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते! आमच्या सोसायटीतल्या एकाचं तोंड असं भोपळ्यासारखं सुजलं होतं."

"अगं, तो गोळ्या घेत असेल. हे हाताला लावायचं आहे, चार आठवडे."

"सगळं एकच असतं. वहिनीला दे फोन."

वहिनीला फोन दिला, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी मलम जागेवर नाही. कुमुद म्हणाली, माकडानं नेलं असेल. तीन दिवस मी माकडांना शिव्या घातल्या, आणि तीन दिवसांत तळव्याच्या भेगा इतक्या उघडल्या की पळीसुद्धा धरवेना. चौथ्या दिवशी मुक्ताला ते तांदळाच्या डब्यात सापडलं.

"आई, ये क्या है?"

कुमुद पदरानं तोंड झाकून रडायला लागली. "मी काय करू? एक म्हणतं लावा, एक म्हणतं मराल. यांचा हात बघवत नाही मला. आणि विचारायचं कुणाला?"

माझा राग जाग्यावर विरला. सात ट्यूबा दुकानातून कुणाला न विचारता आणल्या तेव्हा माझी कुणी काळजी केली नाही, कारण त्यांच्यावर स्टेरॉइड असं कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. डॉक्टरनं नाव घेऊन दिलं तेव्हा घरभर घबराट. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. मी कुमुदला म्हटलं, आता चिठ्ठीत लिहिलंय तसंच करायचं, अक्षर इकडचं तिकडं नाही.

आणि केलं हो तसंच. तिथंच तर घात झाला.

कार्तिक

काशीत कोजागरीनंतर लगेच कार्तिक लागतो, तसा लागला. कार्तिकात पंचगंगेवर पहाटेचं स्नान म्हणजे आमच्याकडं वर्षाचा मोठा नेम. बाहेरगावचे लोक खास त्यासाठी येतात. मी चिठ्ठीप्रमाणं मलम लावत होतो. हात काही दिवस सुधारले आणि मग पुन्हा बिघडायला लागले. कातडी चकचकीत, पातळ, सुरकुतलेली. मनगटाजवळ एक जांभळा डाग आला. ठरलेल्या तारखेला मी तणतणत दवाखान्यात गेलो.

"मॅडम, आपकी दवाई काम नहीं करती."

बाईंनी हात बघितला. कपाळाला आठी. "पंडितजी, कितनी बार लगाते हैं?"

"जैसा आपने लिखा. नहाने के बाद."

"मतलब एक बार."

"जी, नहाने के बाद. हर बार."

त्यांचं पेन थांबलं. "हर बार मतलब? आप दिन में कितनी बार नहाते हैं?"

मी बोटं मोजली. पहाटेचं कार्तिकस्नान. यजमानांचं काम आटोपून आल्यावर माध्यान्ह संध्येआधी एक. संध्याकाळी एक. अस्थिविसर्जन असलं तर त्यानंतर एक. शिवाय सोवळ्यात असताना गलीत कशाला शिवलं-बिवलं तर एक.

"चार. कभी पाँच."

 दारातल्या नर्सनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. मुक्तानं कपाळावर हात मारला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि आपलंच अक्षर वाचलं.

"गलती मेरी भी है," त्या म्हणाल्या. "मुझे ‘एक बार’ लिखना चाहिए था. मैंने सोचा ही नहीं कि कोई पाँच बार नहाता होगा."

म्हणजे बघा. मी दिवसाला पाच वेळा कातडी धुऊन काढत होतो आणि पाच वेळा तिच्यावर तेज औषध थापत होतो. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, मी आज्ञाधारक, आणि हातांचं वाटोळं. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, यावेळी आकडे घालून. रोज एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, एक पेर. इतके दिवस रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. परस्पर वाढवायचं नाही आणि परस्पर बंदही करायचं नाही. साधं, वास नसलेलं मलम मात्र हवं तितक्या वेळा, हात ओले झाले की टिपून लगेच. ते आणि औषध एकावर एक लावायचं नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा. भांडी घासायची नाहीत, आणि घासलीच तर आत सुती आणि वर रबरी हातमोजा. झेंडू लांब.

"और स्नान एक. गुनगुने पानी से. पाँच मिनट."

"कार्तिक में?" मी म्हणालो.

"कार्तिक में," त्या म्हणाल्या.

राजा घाटाची पायरी

एक स्नान! घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण आठव्या वर्षी मुंज झाल्यापासून एकाही कार्तिकात माझी गंगा चुकली नव्हती. आजारपणातलं सगळं सोसलं, पण बादलीतल्या कोमट पाण्यानं एकदा अंघोळ करून संध्येला बसायचं म्हटल्यावर मला रडू फुटलं. आणि शास्त्राला न विचारता डॉक्टरचं ऐकायला मन घेईना. विचारायचं कुणाला? अण्णांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मग कामच सोड.

विचारण्यासारखा एकच माणूस होता. बारा वर्षं मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होतो.

नारायणकाका राजा घाटाच्या वरच्या पायरीवर उन्हात बसले होते. मी जाऊन नमस्कार केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहऱ्याचं व्यसन सुटत होतं ना, त्यामुळं गाल सुजून सालं निघत होती.

"बस," ते म्हणाले. "फार जळतंय का?"

एवढंच. कुणी विचारलं नव्हतं हो हे. कुठली ट्यूब, कुठला डॉक्टर, काय खाल्लं, काय पाप केलं, सगळं विचारून झालं होतं. जळतंय का, हे नाही.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पाच अंघोळी, सगळं. काका पोट धरून हसले. हसता हसता खोकला लागला.

"अरे वासू, आजाऱ्याला मंत्रस्नान सांगितलंय की नाही? दर्भानं अंगावर चार थेंब शिंपडायचे, मंत्र म्हणायचा, झालं स्नान. तूच तर तापानं फणफणलेल्या यजमानांना सांगतोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

खरंच की. शेकडो म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं होतं. स्वतःला आजारी म्हणवून घ्यायचीच मला लाज वाटत होती.

मग त्यांनी बाही वर केली. पांढऱ्या डागाच्या कडेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आत निळी शीर स्वच्छ दिसत होती. "मलासुद्धा एकानं दिली होती अशी ट्यूब. डाग जाईल म्हणाला. दोन वर्षं चोपडली, कुणाला न दाखवता. डाग तिथंच आहे, कातडी गेली. तेव्हा मला पानावर परत यायची घाई होती ना."

मी खाली बघत बसलो. "काका, मी तेव्हा—"

"ऊन उतरलं," ते म्हणाले. "घरी जा आणि हात कोरडे ठेव."

मुंगीच्या पावलांनी

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. चेहरा सुधरायला होळी उजाडली. मध्ये दोनदा असा जळला की मी चपला घालून त्या दुकानाकडं निघालो होतो. एकदा कुमुद दारात आडवी उभी राहिली, एकदा मीच अर्ध्या गलीतून परतलो. कुमुदनं थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, भांडी आपल्याकडं घेतली. "सोवळंबिवळं मी बघते, तुम्ही हात बघा," म्हणाली. पहिल्या दिवशी मी रबरी हातमोजे घालून देवाच्या खोलीत गेलो तेव्हा मुक्तानं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पुण्याहून बहिणीनं हात जोडल्याची चित्रं पाठवली, पाच.

हात वैशाखात बरे झाले. बरे म्हणजे कायमचे नव्हेत. थंडीत पुन्हा उठेल, बाईंनी सांगून ठेवलंय, तेव्हा नेमलेलं मलम नेमलेले दिवस. मला आता त्याची भीती नाही आणि भक्तीही नाही.

ज्येष्ठात अण्णांनी मला पुन्हा एकदा बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "वासू, मांडीला जरा खाज आहे. गोल गोल चट्टे आलेत. तुझी ती ट्यूब दे ना उरलेली."

"नाही देणार," मी म्हणालो. "ती माझ्या हातांची आहे, तुमच्या मांडीची नाही. नायटा असला तर तिनं आणखी फोफावेल. दवाखान्यात चला, मी येतो बरोबर."

"खाजेसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?" अण्णा म्हणाले आणि रागावून गेले. आता कपाळावर हात मारून घ्यायची पाळी माझी होती.

सप्तमी

पुन्हा पितृपक्ष आला. सप्तमीला माझ्या वडिलांचं श्राद्ध असतं. श्राद्धात एक ब्राह्मण देवांच्या पाटावर बसतो, एक पितरांच्या. अण्णांनी निरोप पाठवला की देवांच्या पाटावर ते बसतील, पितरांच्या पाटावर कोण ते कळव. मी कळवलं, नारायणकाका. उलट निरोप आला, मग मी येत नाही.

नका येऊ म्हटलं. ब्राह्मण मिळाला नाही तर त्या जागी दर्भाची जुडी मांडायची सोय आमच्याकडं आहे. देवांच्या पाटावर मी दर्भ मांडला. देव काही बोलले नाहीत.

काकांना बोलवायला मी स्वतः गेलो होतो. त्यांनी आपल्या पावलांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाला चालेल का?" मी म्हटलं, "त्यांचा स्नेही तेरा वर्षं उपाशी ठेवला, ते त्यांना चाललं नसणार." तेव्हा ते उठले आणि आत जाऊन धुतलेलं धोतर शोधायला लागले.

सप्तमीला ते आले. पाटावर बसायच्या आधी त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, पांढरे डाग वर करून. "वासू, नीट बघितलंस ना?"

"बघितलं, काका. बसा."

मग मी त्यांचे पाय धुतले. पावलांवर कोड घोट्यापर्यंत चढलं होतं. मी पाणी घालत होतो, हातानं चोळत होतो आणि मला पुढचा मंत्र आठवेना. चाळीस वर्षं म्हणतोय तो मंत्र. काकांनीच तो हळू आवाजात सुरू करून दिला आणि मी त्यांच्यामागून म्हणत गेलो.

पाय पुसून मी उठलो तर कुमुद समोर उभी. एका हातात पंचा, दुसऱ्या हातात साध्या मलमाची डबी.

"हात ओले आहेत तुमचे. आधी टिपा आणि हे लावा."

"अगं, श्राद्ध चाललंय!"

"लाव रे," पितरांच्या पाटावरून नारायणकाका म्हणाले. "तुझा बाप थांबेल तेवढं."

मी हात टिपले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट मलम लावलं आणि ते जिरेपर्यंत उभा राहिलो. तेवढी पाच मिनिटं बाबांचं श्राद्ध थांबलं.